जळगाव ते फैजपूर, तिसऱ्या गिअरमध्ये

आमच्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली की पेढ्याच्या आधी किंमत विचारली जाते, आणि किंमत कळली की पुढचे वाक्य ठरलेले असते: "एवढ्या पैशांत तर उंच गाडी आली असती ना, भाऊ." मी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, म्हणजे आय-ट्वेंटी या हॅचबॅकची स्पोर्टी आवृत्ती, तीही सहा गिअरची मॅन्युअल, घेतली तेव्हापासून हे वाक्य मी नातेवाइकांकडून, सहकाऱ्यांकडून आणि पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसांकडूनही ऐकत आलो आहे. उंच गाडीचा आग्रह खान्देशात निराधार नाही. इथले रस्ते, शेताकडे जाणाऱ्या वाटा, पावसाळ्यातले नाले आणि गावोगावचे गतिरोधक पाहिले तर जमिनीपासून चार बोटे उंच असलेली गाडी शहाणपणाचीच ठरते. तरीही रोज जळगावहून फैजपूरला नोकरीसाठी जाताना आणि येताना मला हीच गाडी हवी होती, आणि ती का हवी होती हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम गाडी काय आहे ते सांगतो. ९९८ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बो पेट्रोल इंजिन. १२० पीएस शक्ती. आणि इंजिनाच्या मिनिटाला १५०० ते ४००० फेऱ्यांच्या दरम्यान मिळणारा १७२ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. साध्या आय-ट्वेंटीपेक्षा सस्पेन्शन थोडे कडक आणि स्टिअरिंग थोडे वजनदार ठेवलेले आहे, आणि सायलेन्सरचा आवाजही मुद्दाम जरासा भरदार केलेला आहे. २०२१ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिच्यात क्लचचे पेडल नसलेला, म्हणजे गिअर हाताने पण क्लच आपोआप, असा एक मधला प्रकार मिळत असे, आणि दुसरा पर्याय ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचा होता. सप्टेंबर २०२३ मधल्या बदलात तो मधला प्रकार गेला आणि त्याच्या जागी तीन पेडलांचा सरळ सहा गिअरचा मॅन्युअल आला. ऑटोमॅटिककडे सगळा बाजार वळत असताना एखाद्या कंपनीने क्लचचे पेडल परत आणावे हे मला फार आवडले, आणि खरे सांगायचे तर निर्णयाचे अर्धे काम तिथेच झाले.

अशा गाड्या आपल्याकडे कधीच पुष्कळ नव्हत्या. युरोपात १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार रूढ केला: कुटुंबाची साधी पाच जणांची गाडी, पण इंजिन आणि चालचलन तरुण. भारतात फियाटने २०१५ मध्ये १४५ पीएसची अबार्थ पुंटो आणली, मारुतीने २०१७ मध्ये बलेनो आरएस, टाटाने २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणि २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर. यांतल्या पहिल्या तीन फार काळ टिकल्या नाहीत. कारण फक्त ग्राहकांच्या आवडीचे नाही, कराचेही आहे. पेट्रोल गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० घन सेंटिमीटरपर्यंत असेल तर तिला लहान गाडीचा कमी कर लागतो, आणि यातली कोणतीही एक रेषा ओलांडली की किंमत एकदम वर जाते. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक स्पोर्टी हॅचबॅक एक किंवा सव्वा लिटरच्या टर्बो इंजिनाभोवती बेतलेल्या असतात, आणि माझ्या गाडीची लांबीही ३९९५ मिलिमीटर आहे, चार मीटरला बरोबर पाच मिलिमीटर कमी. पुंटोचे १.४ लिटरचे इंजिन या चौकटीत बसत नव्हते. ती गाडी मी एकदाच चालवली आहे आणि तिच्याविषयी अजून हळहळ वाटते, पण तो विषय इथे वाढवत नाही.

आता रस्ता. एका बाजूचा प्रवास पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याचे स्पष्ट तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा जळगाव शहरातला: अजिंठा चौफुलीच्या बाजूची गर्दी, रिक्षा, एमआयडीसीकडे वळणारे ट्रक आणि सिग्नलला आडवे येणारे दुचाकीस्वार. दुसरा तुकडा नशिराबादवरून भुसावळपर्यंतचा चौपदरी महामार्ग. ज्याला जुनी माणसे अजून सहा नंबरचा हायवे म्हणतात आणि जो कागदोपत्री आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. तिसरा तुकडा भुसावळ सोडून तापीचा पूल ओलांडल्यावर सुरू होतो. इथून पाडळसे, बामणोद करत फैजपूरपर्यंतचा रस्ता केळीच्या बागांमधून जातो. तो अरुंद आहे, दुतर्फा झाडे आहेत, आणि त्यावर केळीने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सायकलींवरची शाळेची मुले, एसटी आणि बैलगाड्या या सगळ्यांचा सारखाच हक्क आहे.

लोकांना वाटते की अशा गाडीची मजा दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे महामार्गावर असेल. तसे मुळीच नाही. चौपदरी रस्त्यावर सहावा गिअर टाकला की ऐंशीच्या वेगाला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या जवळपास शांतपणे फिरत राहते, आणि त्या स्थितीत ही गाडी व कोणतीही साधी हॅचबॅक यांत फारसा फरक जाणवत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि इतर साध्या रस्त्यांवर ७०. म्हणजे जी गाडी शंभराच्या पुढेच खुलते ती रोजच्या वापरात कायद्याने कधीच खुलणार नाही. रोजच्या स्पोर्टी गाडीची परीक्षा चाळीस ते सत्तर या पट्ट्यात व्हायला हवी, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ही परीक्षा तापीच्या पलीकडे होते.

उदाहरण रोजचेच घेऊ. समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी पंचवीस किलोमीटरने चालला आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या मिळून लांबी पंधरा मीटर धरली, मागे-पुढे दहा-दहा मीटरचे अंतर आणि आपल्या गाडीची लांबी मिळवली, तर पुढे निघण्यासाठी त्याच्या तुलनेत चाळीस मीटर जास्त कापावे लागतात. आपण सरासरी पन्नासच्या वेगाने निघालो तर याला पावणेसहा सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात साठच्या वेगाने समोरून येणारी एसटी शहाण्णव मीटर जवळ येते. आपण सरासरी सत्तरने निघालो तर हेच काम सव्वातीन सेकंदांत होते, आणि एसटी पन्नास-पंचावन्न मीटरच पुढे सरकते. म्हणजे चुकीच्या बाजूला राहण्याचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. कमी शक्तीच्या गाडीत हा वेळ वाचवायचा तर समोरची बस निघून जाईपर्यंत मागेच थांबावे लागते, आणि थांबलेच पाहिजे. पण माझ्या मागे हॉर्न वाजवणारा पिकअपवाला थांबत नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

हे काम तिसऱ्या गिअरचे. ट्रॅक्टरच्या मागे असतानाच चौथ्यातून तिसऱ्यात यायचे, इंजिन दोन हजारांच्या वर ठेवायचे, म्हणजे टर्बो जागा असतो. टर्बो म्हणजे शेवटी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी एक चक्की आणि तिच्याच दांड्यावर बसवलेला, ताजी हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. धुराचा जोर कमी असला की चक्की सुस्त असते, म्हणून दीड हजार फेऱ्यांच्या खाली हे इंजिन आपल्या आकाराप्रमाणे, म्हणजे एक लिटरच्या साध्या इंजिनासारखे वागते. ज्याला हे उमगले नाही तो चौथ्या गिअरमध्ये पाय दाबतो, काही क्षण काहीच घडत नाही, आणि मग समोरची बस जवळ आल्यावर गाडी एकदम उचल खाते. ऑटोमॅटिक गाडीही खालचा गिअर टाकते, पण पाय दाबल्यानंतर. मॅन्युअलमध्ये पुढचा रिकामा रस्ता मला आधी दिसतो आणि गिअर आधीच टाकलेला असतो. चालकाच्या डोळ्यांना जे दिसते ते गिअरबॉक्सला दिसत नाही, हा मॅन्युअलच्या बाजूचा एवढा एकच युक्तिवाद मला पुरेसा वाटतो. बाकी हौसेची गोष्ट वेगळी.

हौसही आहेच. बामणोदच्या आधी काही वळणे अशी आहेत की ती तिसऱ्यात पन्नासने घेतली तर गाडी अंगात आल्यासारखी नाही, पण अंगावर बेतलेल्या सदऱ्यासारखी वाटते. स्टिअरिंग किती वळवले आणि पुढची चाके किती वळली याचा हिशेब हाताला कळतो. खालचा गिअर टाकताना उजव्या पायाने पेट्रोलला हलकी टिचकी देऊन इंजिनाच्या फेऱ्या जुळवून घ्यायच्या, म्हणजे क्लच सोडताना धक्का बसत नाही. हे जमले की नोकरीला चाललो आहोत याचा थोडा वेळ विसर पडतो. हिवाळ्यात याच बामणोदला थांबून भरताची वांगी घ्यायची असतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला दोन्हीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ३११ लिटरच्या डिकीत या दोन्हींची भरपूर सोय होते, हेही उंच गाडीवाल्यांच्या माहितीसाठी नोंदवून ठेवतो.

पहिल्या तुकड्याबद्दल मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवे. शहरात संध्याकाळी परतताना मॅन्युअल गाडी म्हणजे डाव्या पायाची मजुरी आहे. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, थांबा. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांना ताकद देत नाही म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणे या गाडीला फारसे मानवत नाही आणि वारंवार पहिल्यात यावे लागते. अशा वेळी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि क्लचप्लेट जळते ती याच सवयीने. पुढे गाडीभर जागा झाल्याशिवाय हलायचेच नाही, थांबलो की न्यूट्रल करून पाय क्लचवरून पूर्ण काढायचा, आणि चालताना हात गिअरच्या दांड्यावर टेकवून ठेवायचा नाही, एवढे पाळले तर क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही पुष्कळ टिकतात. ज्याचा रोजचा सगळा प्रवास शहरातलाच आहे, म्हणजे जो पुण्यात किंवा ठाण्यात राहतो, त्याला मी ही गाडी मॅन्युअलमध्ये घे असे कधीच सांगणार नाही. माझ्या प्रवासात शहराचा वाटा दोन्ही टोकांना थोडाथोडा आहे म्हणून हे गणित जमते.

यानंतर ऊन. खान्देशातल्या उन्हाविषयी बाहेरच्यांना सांगून उपयोग नसतो; भुसावळ आणि जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात गेल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात आणि लोक त्या वाचून पान उलटतात. या उन्हाचा टर्बो गाडीवर होणारा परिणाम मला आधी पुस्तकी वाटत होता, आता तो पायाला कळतो. गरम हवा विरळ असते. वीस अंशांवरच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांवरची हवा सुमारे आठ टक्क्यांनी विरळ भरते. टर्बो ती दाबून तूट भरून काढतो खरा, पण दाबल्याने हवा आणखी तापते, आणि तिला थंड करणारा इंटरकूलर स्वतःच बाहेरच्या तापलेल्या हवेवर अवलंबून असतो. इंजिनात फार गरम हवा गेली की मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका असतो, म्हणून गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि शक्ती थोडी कमी होते. त्यात एसी पूर्ण जोरावर असतो. परिणामी मे महिन्यात दुपारी दोन वाजता फैजपूरहून निघालेली गाडी आणि जानेवारीत सकाळी नऊ वाजता जळगावहून निघालेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या वाटतात. डिसेंबर-जानेवारीत, केळीच्या बागांवर धुके असताना, ही गाडी जशी धावते तशी ती वर्षभर धावावी असे वाटत राहते.

आतून गाडी सगळी काळी आहे, लाल शिवणीची. ती दिसायला छान आणि उन्हाळ्यात छळणारी. उन्हात उभी राहिली की स्टिअरिंगला आणि गिअरच्या दांड्याला हात लावणे कठीण होते, म्हणून एक मोठा पांढरा रुमाल कायम गाडीत असतो. आमच्याकडे तो डोक्याला बांधायला असतोच, तोच स्टिअरिंगवर पसरतो. उन्हाळ्यात मी आणखी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. महामार्गावरून आल्याबरोबर इंजिन बंद करत नाही. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवतो किंवा अर्धा मिनिट चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोतून तेल फिरत राहून तो जरा निवतो. दुसरे म्हणजे टायरची हवा सकाळी, गाडी थंड असतानाच तपासतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, म्हणून दुपारी मोजला तर आकडा मोठा दिसतो, आणि पंक्चरवाला भल्याच्या भावनेने हवा सोडतो. सकाळी तेच टायर कमी हवेचे झालेले असतात, आणि कमी हवेचा टायरच उन्हात फुटतो.

सस्पेन्शनचा कडकपणा हा या गाडीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो खान्देशात जास्त जाणवण्याचे कारण जमिनीत आहे. तापीकाठची आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा होतो. वरून खड्डा दिसत नाही, डांबर शाबूत असते, पण गाडी डोलते. मऊ गाडी या लाटांवर बोटीसारखी झुलते आणि मागे बसलेल्याला मळमळते. कडक गाडी झुलत नाही, पण प्रत्येक लाट मोजून दाखवते. मला दुसरा त्रास पहिल्यापेक्षा बरा वाटतो. वडिलांना तसे वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की गाडीने रस्त्याची चहाडी करू नये. त्यांचे वय पाहता खाली बसून आत शिरणे आणि गुडघ्यांवर जोर देऊन बाहेर निघणे हाही प्रश्न आहेच, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लग्नकार्याला चोपड्याला किंवा धुळ्याला सगळे निघालो की ते काकांच्या उंच गाडीत बसतात. आई मात्र माझ्याबरोबर बसते, पुढच्या सीटवर, आणि ट्रॅक्टर दिसला की माझ्याआधी तीच सांगते, "घे, आता मोकळं आहे."

गतिरोधकांविषयी एक संपूर्ण लेख होईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. असा गतिरोधक मला माझ्या रस्त्यावर अजून भेटायचा आहे. प्रत्यक्षात गावकरी अपघातानंतर रात्रीतून जे उभे करतात त्याची रुंदी हातभर आणि उंची वीतभर असते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्या गावाच्या मधून रस्ता जातो त्या गावाने मुले गमावलेली असतात. जमिनीपासून १७० मिलिमीटरची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले २५८० मिलिमीटरचे अंतर घेऊन असा बांध ओलांडायचा तर गाडी तिरकी घ्यावी लागते, म्हणजे एका वेळी एकच चाक चढते आणि पोट घासत नाही. एकटा असताना हे सहज जमते. चार माणसे आणि मागे गव्हाचे पोते असले तर पहिला गिअर, श्वास रोखणे आणि कुलदैवत. "खाली लागते का रे भो?" हा प्रश्न मला त्या किमतीच्या वाक्याखालोखाल विचारला जातो. लागते, क्वचित, पण लागते.

पावसाळ्यात वेगळेच संकट. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला काळा गारा डांबरावर सोडत जातात, आणि त्यावर पावसाची पहिली भुरभुर पडली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. इथे रुंद टायर काही कामाचे नसतात. एबीएस आणि घसरण रोखणारी यंत्रणा असते, पण यंत्रणेच्या आधी गिअर कामाला येतो: ब्रेक न लावता तिसऱ्यातून दुसऱ्यात येऊन इंजिनाच्या जोरावर वेग कमी करता येतो, फक्त क्लच अगदी सावकाश सोडायचा, कारण गाऱ्यात झटक्याने सोडलेला क्लचही पुढची चाके घसरवतो.

घाटात या गोष्टीचा पुरता आनंद मिळतो. संभाजीनगरकडे जाताना फर्दापूरच्या पुढचा अजिंठ्याचा घाट लहानसाच आहे, पण चढताना तिसरा आणि उतरताना दुसरा धरला तर ब्रेकवर पाय फारसा जात नाही. चाळीसगावच्या पुढचा कन्नडचा, म्हणजे औट्रम घाट त्याहून लांब आणि जास्त वळणांचा. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ पासून तिथून जड वाहनांना बंदी झाल्यावर लहान गाड्यांना तो पुष्कळ मोकळा झाला. पण माझ्या मनातला घाट नंदुरबार जिल्ह्यातला, शहाद्याहून तोरणमाळला चढणारा. सातपुड्याच्या त्या वळणांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरशिवाय काही लागत नाही. एक वळण संपताना दुसरे दिसायला लागते, इंजिन तीन हजारांच्या आसपास गुणगुणत राहते, आणि वर पोचल्यावर हवा दहा अंशांनी तरी उतरल्यासारखी वाटते. तिथे मी कोणाला मागे टाकायला जात नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हे नियम जुन्या एसटी चालकांनी घातलेले आहेत आणि ते आजही पुरतात.

खर्चाचे थोडक्यात. शहरात लिटरला अकरा-बारा, भुसावळ-फैजपूर रस्त्यावर सोळा-सतरा, आणि महामार्गावर हात आवरला तर अठराच्या पुढे मिळतात. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे झाल्यापासून आकडा थोडा खाली आला आहे, आणि ते अपेक्षितच होते, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. टाकी ३७ लिटरची आहे, म्हणून आठवड्यातून एकदा पंपावर जावेच लागते. एअर फिल्टर मात्र मी पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधीच बदलतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्याच्या वावटळीत त्यात जे साठते ते पाहिले की पुस्तक लिहिणाऱ्याने खान्देश पाहिलेला नाही हे कळते.

तरुण मुले गाडी पाहून सायलेन्सर बदलायचा आणि संगणक रीमॅप करून शक्ती वाढवायचा सल्ला देतात. दोन्हींना माझा नकार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, विमा कंपनीला अपघातानंतर तेवढेच निमित्त पुरते, आणि रीमॅपने वॉरंटी जाते ती वेगळीच. कायदा बाजूला ठेवला तरी सकाळी निघताना गल्लीतल्या अभ्यास करणाऱ्या मुलांना आणि रात्रपाळी करून झोपलेल्या रेल्वेवाल्यांना उठवण्याचा मला काय अधिकार आहे? कंपनीने दिलेला आवाज पुरेसा आहे. तो आतल्याला ऐकू येतो आणि बाहेरच्याला त्रास देत नाही.

सध्या विचार चालू आहे तो टायरांचा. मूळ माप १९५/५५ आर १६ आहे. यातला ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या पंचावन्न टक्के, म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. खड्ड्याच्या धारेला आणि चाकाच्या रिमला वेगळे ठेवणारे रबर तेवढेच. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असल्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात, आणि वेळच्या वेळी पुढचे मागे करूनही ते आता बदलण्याच्या जवळ आले आहेत. भुसावळच्या दुकानदाराचा आग्रह २०५ रुंदीच्या, दिसायला जास्त भरलेल्या टायरांचा आहे. रुंद टायर कोरड्या वळणावर थोडी जास्त पकड देतील, पण स्टिअरिंग जड होईल, पेट्रोल थोडे जास्त जाईल आणि पाण्यावर तरंगण्याची भीती वाढेल. मी मूळ मापच ठेवणार आहे, फक्त स्पोर्टी रबराऐवजी भिंत जरा मऊ असलेला, आवाज कमी करणारा टूरिंग टायर घेईन, म्हणजे काळ्या जमिनीच्या लाटांची चहाडी वडिलांपर्यंत थोडी कमी पोचेल. वळणावरचा थोडा नेमकेपणा जाईल हे मान्य आहे. दुकानदाराला दोन कंपन्यांचे भाव काढून ठेवायला सांगितले आहेत, आणि पोळ्याच्या आत, म्हणजे गाऱ्याचे खरे दिवस संपायच्या आत, नवे टायर चढलेले असावेत असा बेत आहे.